पानातील भात आणि फुलकोबीचा कीस

बेगम बाजारात शिरलेल्या गृहिणीला आपण नेमके काय घ्यावयास आलो होतो याचा विसर पडावा, अशीच त्या पेठेची रचना आहे. निजामाच्या बेगमेचे नाव धारण करणारी ही पेठ आजही घाऊक व्यापाराचे आगर आहे. एका गल्लीत पितळेच्या व पोलादाच्या भांड्यांच्या उतरंडी, दुसरीत मिरची-धन्याचा नाकात शिरणारा दरवळ, तिसरीत काजू-बदामांची पोती. अलीकडे धान्याच्या दुकानांतून आणखी एक रांग मांडलेली दिसते. राळे, कोद्रा, वरी, सावा अशी आपल्या आजीच्या तोंडी असलेली धान्ये तेथे कोर्रलु, अरिकेलु, सामलु, ऊदलु या तेलुगू नावांनी उभी असतात, आणि त्यांच्यापुढे उभे असलेले गिऱ्हाईक बहुधा एकाच कारणाने आलेले असते. डॉक्टरांनी सांगितलेले असते, “भात कमी करा.”

हे तीन शब्द उच्चारावयास डॉक्टरांना क्षणभरही लागत नाही. ते घरी आणल्यावर मात्र स्वयंपाकघराची घडी विस्कटते. भात कमी करावयाचा म्हणजे त्याच्या जागी पानात वाढावयाचे काय? वर सांगितलेल्या पोत्यांत या प्रश्नाचे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे, माझ्या मते, भाजीच्या गाडीवर आणि भांडेगल्लीतील एका साध्या किसणीत आहे. फुलकोबीचा गड्डा किसून त्याचा भातासारखा पदार्थ करण्याची रीत गेल्या काही वर्षांत परदेशांतून इकडे आली. तिच्याविषयी अतिशयोक्तीही पुष्कळ झाली आणि थट्टाही. आपल्या मराठी पानात ती कितपत बसते, हे येथे पाहावयाचे आहे.

हैदराबादेतील मराठी घरांना भात तसा जन्मजात नव्हे. काचीगुडा, सुलतान बाजार, गौलीगुडा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची मुळे मराठवाड्याच्या काळ्या मातीत आहेत. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाचही जिल्हे हैदराबाद संस्थानाचे, पुढे हैदराबाद राज्याचे भाग होते. नोकरी-वकिलीनिमित्त तिकडून राजधानीत आलेल्या घरांचे अन्न मुख्यतः ज्वारीची भाकरी. भात सणावाराला, नाहीतर जेवणाच्या अखेरीस दोन घास. इकडे तेलंगणातही खेड्यापाड्यांतून ज्वारीची रोट्टे आणि ज्वारीच्या कण्यांचा गटका होताच. पण कालवे, विहिरी व नवी बियाणी आली, १९८३ साली दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्याची योजना आंध्र प्रदेशात सुरू झाली, आणि भात हे सर्वांचेच दोन्ही वेळचे अन्न झाले. शेजारधर्म असा की, आपल्याही घरांतून भाकरी मागे पडली आणि पप्पु, सांबार, पच्चडी यांच्याबरोबर भाताचे तीन तीन वाढप होऊ लागले. आज भाकरी खावयाची तर संध्याकाळी रस्त्याच्या कडेला ज्वारीची रोट्टे थापणाऱ्या बाईकडून ती विकत आणणारी मराठी घरे मी पाहिली आहेत.

या बदलाचा दोष तांदळाला देणे न्यायाचे होणार नाही. भाताबरोबर श्रमही होते तोवर तो पचत होता. बसून काम करणारे शहर, वाढते वय, आणि त्यावर दोन वेळा भरपेट भात, हे तिन्ही एकत्र आले म्हणजे रक्तातील साखर वाढण्यास वाट मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाखांच्या घरात असल्याचा अंदाज मांडला गेला. त्यात आपल्या प्रत्येकाच्या घरातील कोणी ना कोणी असणारच.

आमच्या घरी ही पाळी सासूबाईंवर आली. भात सोडा म्हटल्यावर त्यांनी तो निमूटपणे सोडला. दोन फुलके आणि भाजी एवढेच त्यांचे जेवण ठरले. तक्रार म्हणून त्यांनी कधी केली नाही. परंतु महिन्याभरात लक्षात आले की, त्या आमच्याबरोबर पानावर बसेनाशा झाल्या आहेत. कधी जप व्हावयाचा असे, कधी भूक नसे. खरी गोष्ट निराळी होती. सगळ्यांच्या पानात वरण-भाताची मूद, त्यावर तुपाची धार, अखेरीस ताकभात; आणि आपले पान मध्येच संपलेले. आपले जेवण भाताने सुरू होते आणि भातानेच संपते. तो काढून घेतला की पोट भरत नाही असे नव्हे, पण जेवण झाले असे वाटत नाही. पथ्यपाणी सांभाळणाऱ्या घरातील माणसे नेमकी येथेच चुकतात. औषधाची वेळ ती विसरत नाहीत. ताटावरच्या एकटेपणाची मात्र नोंद कोणी ठेवत नाही.

भाताला पर्याय शोधणे ही कल्पना आपल्याला नवी नाही. एकादशीला ‘वरीचे तांदूळ’ खाणाऱ्या समाजाला दुसऱ्या धान्याला तांदूळ म्हणण्याचा संकोच कसला? अमेरिकेत मात्र या नावावरून कायदे झाले. भातशेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या आर्कान्सा व लुइझियाना या राज्यांनी २०१९ साली कायदे करून, जो तांदूळ नव्हे त्याच्या वेष्टनावर तांदळाचे नाव छापण्यास मनाई केली. रोख अर्थातच किसलेल्या फुलकोबीवर होता. आपल्याकडे ‘तांदूळ’ आणि ‘भात’ असे दोन शब्द असल्याने हा तंटा उद्भवण्याचे कारण नाही. मी स्वतः त्याला ‘कीस’च म्हणते. बटाट्याचा कीस, तसा हा फुलकोबीचा.

वरी, राळे यांविषयीचा एक गैरसमज मात्र येथेच दूर केला पाहिजे. ही धान्ये पचावयास हलकी म्हणून उष्मांकांनीही हलकी, असे पुष्कळजण धरून चालतात. प्रत्यक्षात शंभर ग्रॅम कोरड्या वरीत साधारण ३४०-३५० उष्मांक असतात. तांदळातही जवळपास तेवढेच. भरडधान्यांत तंतुमय भाग अधिक, काहींत लोह वा चुना अधिक, आणि पोट अधिक वेळ भरलेले राहते. हे सर्व लाभ खरे आहेत. पण वजन उतरविण्यासाठी भाताच्या जागी तेवढीच भगर खाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. राजेंद्रनगरच्या कृषी विद्यापीठातून आलेला ‘तेलंगणा सोना’ नावाचा तांदूळही मधुमेहींसाठी चांगला म्हणून विकला जातो. त्याने साखर काहीशी सावकाश वाढते, एवढाच त्याचा अर्थ. उष्मांक त्यातही तांदळाचेच.

आपल्या शहराचा या विषयाशी एक जुना आणि थोडासा विलक्षण संबंध आहे. तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था आपण रोज येता-जाता पाहतो. तिचा जन्म मात्र हैदराबादेत झालेला नाही. १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे सर रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका खोलीच्या प्रयोगशाळेत ‘बेरीबेरी’ या रोगाची चौकशी आरंभिली. तिचाच पुढे विस्तार होत गेला, १९५८ साली ती हैदराबादेत आली आणि १९६९ साली तिला आजचे नाव मिळाले. बेरीबेरी हा अतिशय सडलेला, पांढराशुभ्र तांदूळ हेच ज्यांचे सारे अन्न होते अशा लोकांचा रोग. कोंड्याबरोबर ब-१ हे जीवनसत्त्व निघून गेल्यामुळे होणारा. भातावर फार भिस्त ठेवल्याने काय होते, या प्रश्नापासून ज्या संस्थेची सुरुवात झाली, तीच आज सांगते की दिवसभराच्या उष्मांकांपैकी तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा आणि भाज्या ४०० ग्रॅमपर्यंत असाव्यात. चारशे ग्रॅम भाजी! वाटीभर भाजी चौघांत वाढणाऱ्या आपल्या घरांना हा आकडा ऐकून घाम फुटतो. फुलकोबीच्या किसाचे खरे मोल मला येथे दिसते. भात कमी होतो आणि त्याच जागी, त्याच घासात, दीड-दोनशे ग्रॅम भाजी पोटात जाते.

आता हिशेब. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात साधारण १३० उष्मांक आणि २८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. तेवढ्याच फुलकोबीत २५ उष्मांक, ५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ, दोन ग्रॅम तंतू आणि ‘क’ जीवनसत्त्व बऱ्यापैकी. बाकी सारे, म्हणजे ९२ टक्के, पाणी. समजा, एखादे गृहस्थ दोन वाढपे मिळून ३०० ग्रॅम भात घेतात. त्यांचे ३९० उष्मांक झाले. त्याऐवजी १०० ग्रॅम भात आणि चमचाभर तेलात परतलेला २०० ग्रॅम कीस घेतला, तर तेल धरूनही २२५ होतात. पिष्टमय पदार्थ ८४ ग्रॅमवरून ३८ ग्रॅमवर येतात. पान तेवढेच भरलेले दिसते. मात्र तेलाचा चमचा चहाचा असावा, डाव नव्हे. चहाच्या एका चमच्यात ४५ उष्मांक असतात, तुपातही तेवढेच. आणि बेगम बाजारात गेलोच आहोत म्हणून आणलेले काजू किसावर सढळ हाताने पेरले, तर वीस ग्रॅम काजूंनी ११० उष्मांक परत आलेच म्हणून समजावे. भातात वाचविले आणि काजूत घालविले, असा तो व्यवहार होतो.

फुलकोबी ही तशी परकी पाहुणी. १८२२ च्या सुमारास सहारनपूरच्या कंपनी बागेत तिचे बी आले, असे नोंदले गेले आहे. ‘कोबी’ हा शब्द त्याआधीच पोर्तुगीजांकडून आपण उचललेला होता. आपल्याकडे थंडीच्या चार महिन्यांत ती उत्तम मिळते. गड्डा घट्ट, दाणा एकमेकांस चिकटलेला, रंग दुधाळ पांढरा असावा. तुरे सुटे झालेला, पिवळसर आणि डागी गड्डा किसासाठी घेऊ नये. साधारण पाऊण किलोचा गड्डा चौघांना पुरतो. किसणी घ्यावयाची ती खोबऱ्याची बारीक नव्हे, बटाट्याचा कीस पाडतो ती मोठ्या भोकांची. मिक्सरमध्ये करणाऱ्यांनी थोडे थोडे तुरे घालून, बटण क्षणभर दाबून सोडावे. सलग फिरविले की चटणी होते, आणि मग तिचे काहीही होत नाही.

या पदार्थाचे सारे यश पाण्याशी असलेल्या वैरात आहे. तुरे सोडवून कोमट पाण्यात मीठ-हळद घालून दहा मिनिटे बुडवून ठेवावेत. अळी असेल तर निघून येते. त्यानंतर ते निथळून स्वच्छ पंचावर पसरून पुरते कोरडे होऊ द्यावेत. ज्यांना सकाळी घाई असते त्यांनी हे काम रात्रीच उरकावे. ओल्या तुऱ्यांचा कीस म्हणजे लगद्याची हमीच. किसून झाल्यावर तो रव्यापेक्षा मोठा, ज्वारीच्या कण्यांसारखा दिसला पाहिजे. दांडेही टाकू नयेत. वरची साल काढून तेही किसावेत. कोवळ्या पानांची मुगाची डाळ घालून भाजी होते.

कढई पसरट हवी. लोखंडी कढईत किसाचा रंग काळपट होतो, म्हणून जाड बुडाची पोलादी किंवा कल्हईची पितळी बरी. चमचाभर तेलात जिरे, चिमूटभर हिंग, कढीलिंब आणि हवी तर हिरवी मिरची घालून कीस टाकावा, आच मोठी ठेवावी, आणि झाकण ठेवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. आपल्या हाताला झाकणाची सवय असते. येथे तीच नडते, कारण वाफ पुन्हा किसात उतरते. पाच-सहा मिनिटे उलथन्याने हलकेच वरखाली करीत राहावे. कच्चा वास गेला, दाणा मऊ झाला, पण दाताखाली लागतो आहे, अशा वेळी खाली उतरवावे. मीठ अगदी शेवटी, कारण ते आधी घातले की पाणी सुटते. फार शिजविल्यास फुलकोबीतील गंधकयुक्त द्रव्यांचा तो ओळखीचा, नकोसा वास घरभर पसरतो. उतरविल्यावर लिंबू पिळावे. कुकर या कामासाठी नाही, हे वेगळे सांगावयास नकोच.

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण येथे चालत नाही, कारण या भाताला शीतच नाही. चव फुलकोबीचीच लागते. ती भातासारखी लागते असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. भाताला वरणाचे रस शोषून घेण्याचा आणि घास बांधण्याचा जो गुण आहे तो पिष्टाचा. फुलकोबीत ते नसल्याने पातळ वरण घातले की ते पानात पळते आणि कीस कोरडाच राहतो. म्हणून त्याच्याबरोबर घट्ट गोडे वरण, डाळ-मेथी किंवा दाटसर पप्पु करावा. मूदही नुसत्या किसाची पडत नाही. वाटी उचलताच ढासळते. एक भाग मऊ भात आणि दोन भाग कीस गरम असतानाच मिसळला, तर मात्र मूद नीट उभी राहते. आमच्या घरी हेच प्रमाण टिकले. सर्वांना एकच पातेले. फरक इतकाच की मुलांच्या पानात वर आणखी साधा भात वाढला जातो, आणि सासूबाईंच्या पानात तो वाढला जात नाही. त्या पुन्हा आमच्याबरोबर पानावर बसू लागल्या. त्या मिश्रणाला भात म्हणावयास त्या आजही तयार नाहीत, ‘गोबीचा उपमा’ म्हणतात. पण मूद त्यांना लागते, आणि तीवर तुळशीचे पान ठेवल्याखेरीज नैवेद्य होत नाही.

दहीभातासाठी कीस पूर्ण निवू द्यावा. गरम किसात दही घातले की ते फुटून पाणी होते. दही घट्ट विरजलेले, वर मोहरी, आले आणि डाळिंबाचे दाणे. शेजारच्या तेलुगू घरांतील चित्रान्नाप्रमाणे हळद, चणाडाळ, लिंबू घालून केलेला प्रकार सर्वांत साधतो, कारण फुलकोबीचा स्वतःचा वास त्यात विरघळतो. गोडा मसाला व तोंडली घालून केलेला मसालेभात बरा होतो. बिर्याणीच्या वाटेला मात्र जाऊ नये. दम म्हणजे झाकण, झाकण म्हणजे वाफ, आणि पुढचे आपण जाणताच.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी, ज्या पाककृतीपेक्षा महत्त्वाच्या आहेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाचा भात एकाएकी काढून त्या जागी कीस वाढू नये. औषधाची मात्रा नेहमीच्या भातावर बेतलेली असते. भात गेला आणि मात्रा तीच राहिली, तर साखर एकदम खाली येऊन थरथर, घाम, भ्रम आणि क्वचित बेशुद्धीही येते. आधी डॉक्टरांना सांगावे, काही दिवस साखर तपासत राहावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही पोटॅशियमचा हिशेब त्यांच्याकडूनच करवून घ्यावा. थायरॉइडच्या रुग्णांना कोबीवर्गाची फार भीती घातली जाते. शिजवून, बेताने आणि आयोडीनयुक्त मिठासह खाणाऱ्यास ती बाळगण्याचे सहसा कारण नाही. वाढत्या मुलांना, गर्भवतीला किंवा मुळातच कृश असलेल्या माणसाला कमी उष्मांकांचे कौतुक नको. आणि वृद्धांना फुलकोबीने पोटात वारा धरतो, म्हणून हिंग-आले घालून पहिल्या आठवड्यात अर्धी वाटीच द्यावी.

दुसरी गोष्ट भुकेची. फुलकोबीत प्रथिने थोडीच, शंभर ग्रॅमला दोन ग्रॅमच्याही आत. नुसता कीस आणि लोणचे खाऊन उठणाऱ्याला तीन वाजताच भूक लागते, आणि मग चारच्या चहाबरोबर उस्मानिया बिस्किटांचा डबा रिकामा होतो. त्या बिस्किटांत मैदा, साखर आणि लोणी तिन्ही आहेत. किसाबरोबर घट्ट वरण, उसळ किंवा दही पोटभर हवेच.

उन्हाळ्यात फुलकोबी महागते आणि चवीलाही उतरते. तेव्हा पानकोबी बारीक चिरून याच रीतीने परतावी. उष्मांक जवळजवळ तेवढेच. एकादशीला मात्र यांतले काही चालत नाही. त्या दिवशी वरीचे तांदूळ मोजून एक वाटीच घ्यावेत, आणि शेंगदाण्याच्या आमटीवर नजर ठेवावी.

किसून ठेवलेली कच्ची फुलकोबी कोरड्या डब्यात, तळाशी फडके घालून, शीतकपाटात दोन दिवस राहते. डबा घट्ट लावावा, नाहीतर दुधालाही तिचा वास लागतो. परतलेला कीस उरला तर दुसऱ्या दिवशी त्यात मावेल तेवढे ज्वारीचे पीठ, मूठभर बेसन, तीळ, कोथिंबीर आणि तिखट-मीठ घालून थालीपीठ लावावे. पाणी बेताबेतानेच घालावे, कारण कीस स्वतःचे सोडतोच. आणि तव्यावर मध्ये एक भोक पाडून तेलाचे दोन थेंब तेथे सोडावेत.